शब्दक्रम : व्याकरण आणि विचलन

काल्पनिक पात्राच्या तोंडी नेहमीपेक्षा वेगळा शब्दक्रम आला, की ते पात्र एखाद्या परक्या भाषेचे व्याकरण बोलते, असे मानण्याकडे समीक्षेचा कल असतो. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेतील योडा हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मध्ये प्रथम अवतरलेल्या या वृद्ध गुरूच्या बोलण्याचे वर्णन ‘कर्म-कर्ता-क्रियापद’ क्रमाची भाषा असे केले जाते. या वर्णनात व्याकरण आणि शैली या दोन भिन्न पातळ्यांची गल्लत झालेली आहे.

ज्यात कर्म कर्त्यापूर्वी येते असा मूलभूत शब्दक्रम जगात विरळा आहे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. मॅथ्यू ड्रायर यांच्या तेराशेहून अधिक भाषांच्या सर्वेक्षणात मराठीप्रमाणे ‘कर्ता-कर्म-क्रियापद’ क्रमाच्या भाषा साडेपाचशेहून अधिक, ‘कर्म-क्रियापद-कर्ता’ क्रमाच्या ११, तर ‘कर्म-कर्ता-क्रियापद’ क्रमाच्या अवघ्या ४ आढळतात. ब्राझीलमधील नादेब ही त्यांपैकी एक. मात्र नादेबभाषकाला आपला क्रम विचित्र वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ते साधे विधान असते.

योडाचे तसे नाही. त्याच्या वाक्यांत केवळ कर्मच आरंभी येते असे नाही. विशेषण, क्रियाविशेषण, कृदन्त असा विधेयाचा कोणताही अंश पुढे येतो आणि सहायक क्रियापद बहुधा कर्त्यामागे उरते. शिवाय त्याची अनेक वाक्ये सरळ इंग्रजी क्रमाचीच असतात. विशिष्ट पदावर भर देण्यासाठी ते वाक्यारंभी आणणे इंग्रजीलाही मान्य आहे. योडा त्या सवलतीचा अतिरेक करतो. तात्पर्य, त्याचे व्याकरण इंग्रजीचेच आहे, विचलन मात्र शैलीचे आहे.

मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ (१९८५) मध्ये ‘कर्म-क्रियापद-कर्ता’ हा दुर्मिळ क्रम नियम म्हणून येतो. ब्राझीलमधील हिश्कार्याना भाषेत तो प्रत्यक्षात असल्याचे डेस्मंड डर्बीशायर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले होते. क्लिंगॉनमध्ये कर्ता आणि कर्म यांना विभक्तिप्रत्यय नाहीत. दोन नामांची अदलाबदल केली की कोणी कोणाला मारले हेच उलटते. येथे क्रम अर्थवाहक आहे. तथापि, उपशीर्षके वाचणाऱ्या प्रेक्षकाला त्याची जाणीवही होत नाही. खरोखर विरळ असलेला क्रम शैलीदृष्ट्या निष्प्रभ ठरतो आणि इंग्रजीच्याच मर्यादेतील उलथापालथ चमत्कृती साधते, हा विरोधाभास मार्मिक आहे. श्क्लोव्हस्कीप्रणीत अपरिचितीकरणाला परिचित नियमाची पार्श्वभूमी अनिवार्य असते.

मराठीच्या निकषावर हे पडताळता येते. ‘ते पुस्तक मी वाचले’ या वाक्याचा क्रम नादेबसारखाच आहे. पण त्यात कोणालाही गूढता जाणवत नाही, केवळ पुस्तकावर भर जाणवतो. ‘वाचले मी ते पुस्तक’ हेही रोजच्या बोलण्यातले. प्रत्यय आणि क्रियापदाचा मेळ यांमुळे मराठीला ही मोकळीक लाभते. म्हणूनच योडाचा क्रम मराठीत जसाच्या तसा आणणाऱ्या अनुवादकाच्या हाती त्याचे वेगळेपण लागणार नाही. ते त्याला आर्ष रूपे, अध्याहार अशा अन्य स्तरांवर शोधावे लागेल.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. विरळ शब्दक्रम म्हणजे ‘उलटे बोलणे’ आणि उलटे बोलणे म्हणजे प्राचीन शहाणपण किंवा विनोद, हे समीकरण स्वीकारले तर ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जिवंत भाषा आपल्या लेखी काल्पनिक पात्रांच्या पंक्तीला जाऊन बसतात. वैचित्र्य त्या भाषांत नसते. ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत असते.