सामर्थ्याचें मोजमाप

परोपकारी माणसांचीं चरित्रें आणि आत्मचरित्रें मराठींत थोडीथोडकीं नाहींत. परंतु परोपकार करणें आणि दुसऱ्याला त्याच्याच अंगच्या बळावर उभें करणें हीं दोन भिन्न कामें आहेत, हा भेद त्या वाङ्मयांत क्वचितच स्पष्ट झालेला दिसतो. परोपकाराला दुसऱ्याचें उणें दिसलें कीं पुरतें. दुसऱ्या कामाला मात्र उरलें काय, तें नेमकें किती, आणि त्यावर भार किती टाकावा, हें पाहावें लागतें. हल्लीं शहरांतून तरुणांचा कल व गुण पारखून त्यांस मार्ग दाखविणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे आणि त्यावर पुस्तकेंही पुष्कळ निघतात. त्यांतील बहुतेकांची भाषा परकी आणि उत्साह उसना वाटतो. या व्यवसायाचें अस्सल मराठी वाङ्मय पाहावयाचें असल्यास चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रदेशांतून आलेलीं तीन पुस्तकें उघडावीं: बाबा आमट्यांचें 'ज्वाला आणि फुले', साधनाताई आमट्यांचें 'समिधा' आणि डॉ. राणी बंग यांचें 'गोईण'. (डॉ. प्रकाश आमट्यांचें 'प्रकाशवाटा' मुद्दामच बाजूस ठेवलें आहे. हेमलकशाची १९७३ पासूनची ती हकीकत अतिशय वाचनीय आहे. पण तिचा भर वैद्यकीय सेवेवर आणि वन्यप्राण्यांवर अधिक.)

आनंदवनाची मूळ कथा वाचकांस ठाऊकच आहे. १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्यें वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरोग्यांना घेऊन आमटे दांपत्य राहावयास गेलें. ज्यांना घरानें टाकलें होतें त्यांच्या हातीं बाबांनीं कुदळ दिली. भिक्षेनें माणूस खचतो आणि श्रमानें घडतो, ही त्यांची श्रद्धा होती. 'ज्वाला आणि फुले' हें तिचेंच मुक्तछंदांतील उद्गाररूप आहे. या पुस्तकाचा आवेग विलक्षण आहे. वकिली सोडून आलेल्या माणसाची वाणी येथें वकिलीच करते, पण ज्यांचा खटला चालविण्यास कोणी तयार नव्हतें त्यांच्या वतीनें.

तरीही टीकाकाराला येथें थांबणें भाग आहे. या शब्दांच्या प्रकाशांत रोगी पाहतां पाहतां प्रतीक होऊन जातो, आणि प्रतीकाला फोड येत नाहीं! कुष्ठरोगानें मज्जातंतू निकामी होतात व हाताची संवेदना जाते. ती गेली कीं कुदळीच्या दांड्यानें तळवा सोलला तरी कळत नाहीं. बोटें झडतात त्याचें बरेंचसें कारण अशा न जाणवलेल्या जखमाच होत, हें वेल्लोरचे शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें. म्हणजे ज्या श्रमानें माणसाचा स्वाभिमान परत येतो, त्याच श्रमानें त्याचें उरलेलें बोट जाऊं शकतें. काव्य हाताचा गौरव करून पुढें जाईल. पण त्या हाताला काम देणाऱ्यास संध्याकाळीं तळवा उलटून पाहावा लागतो. काव्याकडून वैद्यकाची अपेक्षा कां करावी, असें कोणी म्हणेल. परंतु जें काव्य हात हाच आपला विषय मानतें, त्यानें तळव्याकडेही पाहावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं.

ही उणीव 'समिधा' भरून काढतें. साधनाताईंचें आत्मकथन घरगुती आहे आणि तेथेंच त्याचें बळ आहे. चूल, गुरें, दोन लहान मुलें, दाराशीं आलेलीं माणसें यांतून आनंदवन पाहिलें म्हणजे मोठे शब्द आपोआप आटोपते होतात, कारण संसार चालविणाऱ्या बाईस कोणाला काय झेपेल याचा हिशेब रोजच करावा लागतो. एक तक्रार मात्र करावीशी वाटते. समिधा म्हणजे दुसऱ्याच्या यज्ञांत जळावयाचें काष्ठ; या पुस्तकांतून दिसणारी बाई तेवढीच नाहीं. इतरांचें बळ जिनें अचूक ओळखलें, तिनें पुस्तकाला नांव देतांना स्वतःचें बळ कमी लेखावें, हा विनय वाचकानें तसाच स्वीकारूं नये.

'गोईण' या दोहोंहून वेगळें आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीच्या स्त्रियांशीं झालेल्या बोलण्यांतून त्यांचें झाडांविषयींचें ज्ञान येथें उतरलें आहे: उपयोग, औषध, श्रद्धा, सगळेंच. शिकलेली डॉक्टरीण येथें ऐकणारी झाली आहे, आणि बोलणाऱ्या त्या बायका आहेत. निबंधकाराचा डौल यांत नाहीं, आणि तो नाहीं हेंच बरें. ज्याच्या सामर्थ्यावर बांधावयाचें, त्याच्याच तोंडून तें सामर्थ्य प्रथम ऐकून घ्यावें, ही साधी शिस्त एवढ्या निष्ठेनें पाळलेलें दुसरें मराठी पुस्तक चटकन आठवत नाहीं.

ही शिस्त व्यवहारांत कशी उतरते, याचें पुस्तकाबाहेरचें एक उदाहरण देण्याचा मोह होतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला बालकांचा न्यूमोनिया गांवांतच ओळखावयाचा होता. त्यासाठीं मिनिटाला श्वास किती हें मोजावें लागतें, आणि निरक्षर सुइणीला पन्नास-साठपर्यंत मोजणें जमत नाहीं. तेव्हां एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असें साधन तयार झालें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावयाचा. दोन महिन्यांखालील बाळासाठीं सहावा मणी लाल, मोठ्या मुलासाठीं पांचवा. तिला दहापर्यंत मोजतां येतें, एवढ्यावरच सारी रचना उभी आहे! पुढें याच संस्थेनें गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. त्यायोगें ३९ गांवांत नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें.

तिन्ही पुस्तकें मिटल्यावर एक जागा रिकामीच राहते. १९६४ सालीं आनंदवनांत आनंद निकेतन महाविद्यालय निघालें आणि रोगमुक्तांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या इमारतींत धडधाकट मुलें शिकूं लागलीं. तो बांधकाम करणारा 'ज्वाला आणि फुले' आणि 'समिधा' या दोहोंतही दुसऱ्याच्या वाक्यांतून भेटतो. पहिल्या दिवशीं कुदळ हातीं आली तेव्हां त्याला अभिमान वाटला, कीं भीति वाटली, कीं नुसता रागच आला, हें त्याच्या शब्दांत वाचावयास मिळालें असतें तर बाबांच्या काव्यालाही त्याची कसोटी लागली असती.

ज्यांच्या घरीं हीं पुस्तकें अजून आलेलीं नाहींत त्यांनीं 'समिधा' प्रथम वाचावें आणि मग 'गोईण'. 'ज्वाला आणि फुले' शेवटीं घ्यावें, आणि तें मोठ्यानें वाचावें. मुक्याने वाचल्यास त्याची अर्धी शक्ति वायां जाते.