५९९ : साक्ष की नमस्कार?

हॅम रेडिओवाल्यांच्या मोर्स संभाषणात शेवटी ७३ येतं. अर्थ, शुभेच्छा. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेली ही खूण कसलाच दावा करत नाही, म्हणून ती खोटीही पडत नाही. आपल्या नमस्कारासारखीच. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा. तिथंही आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती ५९९ बद्दल. १९३४ च्या आरएसटी पद्धतीत पहिला आकडा सुबोधतेचा, पाचपैकी. पुढचे दोन संकेताची ताकद आणि सुराची शुद्धता, प्रत्येकी नऊपैकी. म्हणजे ही साक्ष झाली. पण स्पर्धांमध्ये सगळेच सगळ्यांना ५९९ देतात, तेही वेळ वाचवायला नऊच्या जागी 'एन' वाजवून. आणि लगेच विचारतात, नंबर पुन्हा सांगा, कळला नाही! अहो, मग सुबोधतेला पाचपैकी पाच कसे दिलेत?

सौजन्य म्हणाल, तर त्यासाठी ७३ आहेच की. साक्षीचा असा नमस्कार झाला, की कुणी प्रामाणिकपणे ३३९ दिलं तर ते फटकळ वाटू लागतं. आणि ॲंटेना सुधारायची असेल, तर कामाचा आकडा तोच.