‘मी’ म्हणण्याचा अधिकार

काळ्या अमेरिकनांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावही तिकडच्या पँथरांवरून घेतलेले. त्यांच्या चित्रकलेकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. म्हणून एलिझाबेथ कॅटलेट (१९१५–२०१२) हिच्या लिनोकट चित्रांविषयी लिहितो आहे.

कॅटलेट गुलामांची नात; पण स्वतः शिकलेली, शिक्षिका. शेतमजुरी तिने केलेली नव्हती. तरीही १९४६-४७ च्या तिच्या पंधरा चित्रांच्या मालिकेतील शीर्षके काळ्या कष्टकरी स्त्रीचा ‘मी’ घेऊन बोलतात. हा ‘मी’ तिला कोणी दिला? स्वानुभव की सहानुभूती, हा आपला जुना वाद इथे सरळ लागू पडतो. हार्लेममधील एका शाळेत ती कष्टकरी बायांना शिवणकाम शिकवीत असे. मालिकेचे मूळ त्या सहवासात आहे. पण एवढ्याने अधिकार मिळतो, असे मी मानत नाही.

मला पटते ते एक चित्र. गळ्यात दोर असलेला, झुंडीने मारलेला काळा माणूस जमिनीवर पडला आहे. मारणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, चेहरे नाहीत. शीर्षकात आपल्या माणसांविषयीची भीती आहे. ही भीती शिकलेल्या बाईला वेगळी आणि राबणारीला वेगळी नव्हती. इथे ‘मी’ उसना वाटत नाही.

१९५२ चे ‘शेअरक्रॉपर’ अधिक गाजले. जमीन मालकाची, पिकात त्याचा वाटा, कर्जही बहुधा त्याच्याच वहीत, अशी ही बटाई. रुंद गवती टोपी घातलेल्या या बाईकडे आपण खालून वर पाहतो. अंगातले जाकीट बटणाऐवजी सेफ्टी पिनेने अडकवलेले आहे. ती एक पिन दारिद्र्याविषयीच्या दहा भाषणांहून जास्त सांगते.

लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचे स्वस्त आच्छादन. ते कोरून अनेक प्रती काढता येतात. मेक्सिकोतील ज्या लोककलाशाळेत ती हे करी, तिथे कामगार संघटनांची पोस्टरेही निघत. १९६२ साली तिने मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले, आणि अमेरिकेने तिला १९७१ पर्यंत प्रवेश नाकारला. आज तेच चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे!

माझा एक आक्षेप राहतोच. ही बाई फार ताठ आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ संध्याकाळी अशी राहत नाही, आणि ती पाठ कॅटलेटने इथे काढलेली नाही.