यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गातील जीवशास्त्र : एक चिकित्सा

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श पदवी अभ्यासक्रमात जीवशास्त्र हा विषय आहे. त्याच्या आरंभीच डोळा व कॅमेरा, पक्ष्याचे उड्डाण व विमान यांची तुलना येते. हेतू स्वागतार्ह असला तरी अशा तुलनेने विद्यार्थी विस्मित होतो आणि पुढच्या तासाला पूर्वीप्रमाणेच गणिते सोडवू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते जीवशास्त्रीय संशोधनाचे खरे स्थान मूळ विषयांच्या गाभ्यातच आहे.

‘स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स’मधील मोहरचे वर्तुळ घ्या. मोहरने १८८२ मध्ये ते विकसित केले. मूळ कल्पना मात्र झुरिचच्या कार्ल कुलमनची. याच कुलमनला १८६६ च्या सुमारास शरीररचनाशास्त्रज्ञ फॉन मेयरकडील मांडीच्या हाडाच्या छेदात क्रेनमधील प्रमुख प्रतिबलरेषांसारखी जाळी दिसली. आपल्याकडे ही कथा सांगितली गेलीच, तर येथेच संपते. वस्तुतः अभ्यासाला प्रारंभ येथून व्हावा. प्रमुख प्रतिबलरेषा परस्परांना काटकोनात छेदतात. हाडातील जाळी सर्वत्र तशी छेदत नाही. त्या रेषा सलग, एकजिनसी, समदैशिक पदार्थ गृहीत धरून काढलेल्या असतात. हाड सच्छिद्र असते, स्नायू त्याला ओढतात आणि प्रत्येक पावलागणिक भार बदलतो. वोल्फने १८९२ मध्ये या साम्याला गणिती नियमाचे रूप दिले. भारानुसार हाड स्वतःला घडविते हा त्यातील आशय टिकला, गणिती काटेकोरपणाचा दावा टिकला नाही. कोणते गृहीतक कोठे ढासळले, हे विद्यार्थ्याने शोधावे. पोलादी तुळईच्या उदाहरणात ही संधी सहसा येत नाही.

द्रायुयांत्रिकीतही तेच. नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हे प्वाझेयने रक्ताभिसरणाच्या कुतूहलातून बारीक काचनळ्यांवर शोधले. आपल्या पुस्तकांनी नळी ठेवली, वैद्य गाळला! धमनी ताणली जाते, प्रवाह स्पंदित असतो, वेग मंदावल्यास रक्ताची श्यानता वाढते. हे प्रश्नही त्याबरोबरच गेले.

प्राध्यापकांना जीवशास्त्र येत नाही, हा आक्षेप खरा आहे; पण खाटकाकडील बोकडाचे हाड उभे कापून आलेखकागदावर जाळीचे कोन मोजण्यास नव्या पदवीची गरज नाही. प्राणिशास्त्राचा सहकारी तासभर वर्गात आला, तरी पुष्कळ होईल. खरी अडचण परीक्षेची आहे. सूत्र कोठे लागू पडत नाही, हे नेमके सांगणाऱ्या उत्तराला आदर्श उत्तरपत्रिकेत किती गुण द्यावयाचे, हे अभ्यास मंडळांनी आता ठरवावयास हवे.