पट्टी की कडं? एका शोधनिबंधाचं वाचन

यंत्राने काढलेल्या रेघेवर किती विश्वास ठेवावा, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आम्ही एकच निबंध निवडला आहे : रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांचा, १९८० साली 'नेचर'मध्ये आलेला.

आधी पद्धत बघू. सशाच्या महाधमनीचा तुकडा क्षारांच्या द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला, प्राणवायूचे बुडबुडे सोडत टांगायचा. याला ऑर्गन बाथ म्हणतात. तुकड्याचं एक टोक पक्कं, दुसरं ताण मोजणाऱ्या संवेदकाला जोडलेलं. भिंतीतला अपट्टकी स्नायू आकसला की रेघ वर, सैलावला की खाली. पूर्वी हेच काम काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर एक तरफ करायची.

आता अडचण. जिवंत प्राण्याला ॲसिटिलकोलीन टोचलं की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. बाथमधली पट्टी मात्र त्याच औषधाने आकसायची. खुद्द फर्चगॉट यांच्या जुन्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं. मग खरं काय?

उत्तर निघालं कापण्याच्या रीतीत. धमनी मळसूत्रासारखी कापून पट्टी काढताना तिची आतली बाजू घासली जायची आणि जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर निघून जायचं. धमनीचं आडवं कडं कापलं तर ते टिकायचं, आणि असं कडं ॲसिटिलकोलीनने सैलावायचं.

निबंधाची खरी ताकद पुढे आहे. लेखकांनी कडंही मुद्दाम आतून घासलं आणि सैलावणं थांबलं. पण घासल्याने स्नायूच मेला नसेल कशावरून? नाही, नॉरॲड्रेनॅलिनने तो तसाच आकसत होता. मग अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवली. नुसती असताना न सैलावणारी पट्टी आता सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होतं.

हे 'काहीतरी' काय, ते मात्र निबंध सांगत नाही. ते नायट्रिक ऑक्साइड असल्याचा पुरावा १९८७ साली पुढे आला; १९९८ साली फर्चगॉट नोबेलचे सहमानकरी झाले.

हा शोध 'नशिबाने' लागला, असं नेहमी सांगतात. एका प्रयोगात ठरलेला क्रम चुकला, हे खरं. पण आम्हाला ही गोष्ट अपुरी वाटते. सैलावणं दिसायला स्नायू आधी आकसवून ठेवावा लागतो. ढिल्या दोरीला आणखी ढील दिलेली कळते का? आणि विचित्र रेघ आली म्हणून ती टाकून न देता तिचा पाठपुरावा करणं, हे काही नशीब नव्हे.

आमची तक्रार शिकवण्याबद्दल आहे. असे ऊतींवरचे प्रयोग आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर दाखवतात. प्राणी वाचतात, ते योग्यच. पण विद्यार्थ्याला तयार, गुळगुळीत आलेख मिळतो. तुकडा कसा कापला, हे तो विचारतच नाही. त्या संगणकात एक घासलेली पट्टीही ठेवा की! कारण त्या पट्टीची रेघ खोटी नव्हती. ती अस्तर गेलेल्या धमनीबद्दल खरंच सांगत होती. आपण ते अख्ख्या धमनीबद्दल समजत होतो.

आता प्रश्न घेऊ या.