इकिगाई: चार वर्तुळांच्या बाहेर

एक्तोर गार्सिया आणि फ्रांसेस्क मिरालेस यांचे ‘इकिगाई’ २०१६ मध्ये स्पॅनिशमध्ये आले, पुढच्या वर्षी इंग्रजीत, आणि आज ते मराठीतही सहज मिळते. ओकिनावातील ओगिमी या दीर्घायुषी माणसांच्या गावाभोवती ते रचले आहे. परसातला भाजीचा मळा, शेजारसोबत, दोन घास कमी खाऊन उठण्याची सवय हे सारे वाचायला प्रसन्न आहे. माझी तक्रार त्या म्हाताऱ्या माणसांविषयी नाही. त्यांच्या नावाने जी आकृती आपल्या हाती पडते तिच्याविषयी आहे.

आवडते काय, जमते काय, जगाला हवे काय, पैसे कशाचे मिळतात: अशी चार वर्तुळे आणि मध्यभागी इकिगाई. ही आकृती मुळात जपानी नाही. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाच्या आकृतीत ‘उद्देश’ होता. २०१४ मध्ये मार्क विन यांनी त्या जागी ‘इकिगाई’ लिहिले. जपानीत ‘इकि’ म्हणजे जगणे आणि ‘गाई’ म्हणजे त्याचे मोल. कष्टाचे चीज झाले असे आपण म्हणतो, त्यातले ‘चीज’ या ‘गाई’च्या फार जवळचे आहे. म्हणूनच ‘जीवनध्येय’ हा प्रतिशब्द मला खटकतो. ध्येय पुढे असते, गाठायचे असते. चीज जगता जगता होते.

हा फरक मिएको कामिया (१९१४–१९७९) यांना वाचताना नीट कळतो. मार्कस ऑरेलियसचे चिंतन जपानीत आणणाऱ्या या मनोविकारतज्ज्ञ नागाशिमा बेटावरील कुष्ठरुग्णालयात काम करीत. १९६६ मधील ‘इकिगाई नि त्सुइते’ या त्यांच्या ग्रंथामागे तिथला अनुभव आहे. आजार सौम्य असूनही कुणाला जगणे पोकळ वाटते, आणि दृष्टी व हातपाय गमावलेल्या कुणाला ते भरलेले वाटते, हे कसे? जगण्याला मोल देणारी गोष्ट आणि ते मोल जाणवणे, असा भेद त्या करतात. याच बेटावर बोटांची संवेदना गेलेले अंध रुग्ण जिभेने ब्रेल वाचत; अंध रुग्णांनी १९५३ मध्ये हार्मोनिकाचे वादकपथकही उभारले. त्यांना चार वर्तुळांत कुठे बसवायचे? जगाला ते नकोच होते.

तरी कामियांचा ग्रंथ मिटताना एक अस्वस्थता उरते. औषध उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना वेगळे ठेवणारा कायदा जपानमध्ये १९९६ पर्यंत टिकला. बंदिवासातही माणूस अर्थ शोधतो, हे खरे. पण तेवढ्यावर थांबले तर बंदिवासाला जाब विचारायचा राहून जातो. इथे मराठी वाचकाला १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेले आनंदवन आठवेल. तिथे रुग्णांच्या हातात आधी जमीन आणि काम आले. स्वतःची भाकरी स्वतः मिळवणे हीच तिथली प्रतिष्ठा होती. म्हणजे पैशाचे वर्तुळ क्षुद्र नाही. ते ज्याला नाकारले गेले त्याला त्याची किंमत कळते.

लोकप्रिय ‘इकिगाई’ वाचकाला विचारते, तुझा उद्देश कोणता? कामियांना वाचल्यावर मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या माणसाचे जगणे मोलाचे नाही, हे ठरवले कुणी? जीवनातला समतोल शोधणाऱ्या पुस्तकांनी निदान एकदा तरी तो विचारावा.