न्यायाचे माप आणि क्षमेचा अधिकार : शेक्सपिअरच्या दोन नाटकांचा विचार

१

परमेश्वर न्यायी आहे आणि तो दयाळूही आहे, ही दोन विधाने ख्रिस्ती धर्मविचारात एकाच श्वासात केली जातात. तथापि ती एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न त्या विचाराला प्रारंभापासून भेडसावीत आला आहे. अपराध्यास योग्य ते शासन न करणारा न्यायाधीश न्यायी कसा म्हणावा? आणि प्रत्येक अपराधाचे पुरेपूर शासन करणारा दयाळू कसा म्हणावा? कँटरबरीचे आर्चबिशप संत अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुर देउस होमो’ या ग्रंथात हाच पेच मध्यवर्ती आहे. ईश्वराने पापाची केवळ उपेक्षा केली, तर पापी आणि निष्पाप यांत भेद उरणार नाही व विश्वाची घडीच विस्कटेल. म्हणून पापाची भरपाई झालीच पाहिजे, आणि ती करण्याचे सामर्थ्य मनुष्यात नसल्यामुळे ईश्वरानेच मनुष्य होऊन ती केली, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे.

हाच पेच मध्ययुगीन कल्पनाशक्तीने निराळ्या रीतीने हाताळला. ८५ व्या स्तोत्रात दया व सत्य यांची भेट आणि नीती व शांती यांचे आलिंगन यांचा जो उल्लेख येतो, त्यावरून ईश्वराच्या चार कन्यांचे रूपक निर्माण झाले. सत्य आणि न्याय या दोन कन्या पतित मानवास शिक्षा मागतात. दया आणि शांती त्याच्यासाठी रदबदली करतात. पंधराव्या शतकातील ‘द कॅसल ऑफ पर्सिव्हरन्स’ या इंग्रजी नीतिनाट्याच्या अखेरीस हा वाद प्रत्यक्ष रंगभूमीवर येतो. इंग्रजी नाटकाला न्याय आणि दया यांच्या वादाचा परिचय असा जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ व ‘मेझर फॉर मेझर’ या दोन नाटकांचा विचार या पार्श्वभूमीवर केला असता त्यांतील एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. दयेचे प्रतिपादन दोन्हींत आहे. परंतु दया करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दुसऱ्या नाटकातच खऱ्या अर्थाने विचारला गेला आहे.

२

विवेचनापूर्वी एका शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. इंग्रजीतील ‘मर्सी’ या एका शब्दाच्या पोटात मराठीतील निदान तीन शब्दांचे अर्थ सामावतात. दुःखिताकडे पाहून अंतःकरण द्रवणे ही दया. अधिकारारूढ व्यक्तीने, किंवा ईश्वराने, आपखुशीने दिलेले दान ही कृपा. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय करणाऱ्यास मोकळे करणे ही क्षमा. दया कोणालाही येऊ शकते; कृपा करण्यास सत्ता लागते; क्षमा करण्यास मात्र स्वतः घाव सोसलेला असावा लागतो. तिऱ्हाइताने केलेली क्षमा ही वस्तुतः क्षमा नव्हे. ती दुसऱ्याच्या ठेवीवर केलेली उदारता होय. इंग्रजी शब्दात हे अर्थ एकमेकांत मिसळत असल्यामुळे पात्रे एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत सरकतात. मराठी वाचकाला ही सरक टिपणे त्या मानाने सुलभ आहे.

३

‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची नोंद १५९८ मध्ये झाली व १६०० मध्ये ते प्रथम मुद्रित झाले. चौथ्या अंकातील न्यायसभेत पोर्शिया शायलॉकपुढे दयेचे जे स्तवन करते, ते ख्रिस्ती करुणाविचाराचा सारांश म्हणून शतकानुशतके उद्धृत होत आले आहे. केवळ न्यायाने माप घेतले तर कोणाचाच उद्धार होणार नाही, म्हणून जो ईश्वराजवळ दया मागतो त्याने इतरांवर दया केली पाहिजे, असा तिचा विचार. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यात वैगुण्य काढता येणार नाही. वैगुण्य आहे ते प्रसंगात.

पहिली गोष्ट अशी की, शायलॉकला क्षमा करण्यास सांगितले जाते. परंतु त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा उच्चार त्या सभेत कोणीही करीत नाही. अँटोनिओ त्याच्यावर थुंकला आहे, त्याने त्याला कुत्रा म्हटले आहे आणि पुन्हा तसेच करीन असे बजावले आहे. त्याची मुलगी त्याचे धन घेऊन पळाली आहे. सूडाचा धडा आपण ख्रिस्ती लोकांच्याच उदाहरणावरून शिकलो, असे तो तिसऱ्या अंकात म्हणतो. ज्याची तक्रार ऐकूनच घेतलेली नाही त्याच्याकडे क्षमेची मागणी करणे म्हणजे न्यायाची पायरी गाळून दयेच्या पायरीवर उडी घेणे होय. याचा अर्थ शायलॉकची मागणी समर्थनीय आहे असा नव्हे. कायद्याच्या आडून तो एका मनुष्याचा जीव घेऊ पाहतो, हे नाटक कोठेही झाकीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दया कोणावर लादता येत नाही, हे पोर्शियाच्या भाषणाचे मूळ सूत्र आहे. कोणत्या सक्तीने दया करावी, या शायलॉकच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. पुढे डाव उलटतो. ड्यूक शायलॉकने मागण्यापूर्वीच त्याला जीवदान देतो. त्याचे अर्धे द्रव्य अँटोनिओकडे जाते. शायलॉकच्या मृत्यूनंतर ते लोरेन्झोला मिळावयाचे आहे. उरलेल्या अर्ध्यावरील सरकारी हक्क सोडून देण्याची विनंती अँटोनिओ करतो, परंतु त्यासोबत दोन अटी घालतो : शायलॉकने ख्रिस्ती व्हावे आणि मरणोत्तर आपले सर्व धन मुलीला व जावयाला लिहून द्यावे. ड्यूक पुस्ती जोडतो की, हे मान्य नसेल तर दिलेले जीवदान परत घेतले जाईल. येथे कृपेचे दान सक्तीचे साधन बनले आहे.

बाप्तिस्मा हाच आत्म्याच्या उद्धाराचा मार्ग आहे अशी तत्कालीन प्रेक्षकाची श्रद्धा असल्यामुळे ही अट त्याला दयेचीच वाटली असेल, असा बचाव काही टीकाकार करतात. प्रेक्षकांच्या मनोवृत्तीविषयी तो खराही असू शकेल. ख्रिस्ती विचाराविषयी मात्र तो पुरेसा नाही. ज्यांनी कधीच श्रद्धेचा स्वीकार केलेला नाही अशांना श्रद्धेची सक्ती करता येत नाही, कारण श्रद्धा ही इच्छेची क्रिया आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच प्रतिपादिले होते. तेव्हा पोर्शियाचे भाषण ज्या कसोटीची मांडणी करते, त्या कसोटीस त्या सभेतील ख्रिस्ती मंडळी उतरत नाहीत. दयेचे तत्त्व तेथे उच्चारले जाते. आचरले जात नाही. शिवाय ते उच्चारणाऱ्या पोर्शियाने स्वतः कोणताही घाव सोसलेला नाही. तिच्या वाणीत दयेचे माहात्म्य आहे, क्षमेची किंमत नाही.

४

‘मेझर फॉर मेझर’चा प्रयोग २६ डिसेंबर १६०४ रोजी व्हाइटहॉल येथे राजा जेम्स याच्या दरबारात झाल्याची नोंद आहे, नाटक मुद्रित झाले ते १६२३ च्या फोलिओत. कथानकाची मुळे सिंथिओच्या १५६५ च्या कथासंग्रहात व जॉर्ज व्हेट्स्टोनच्या ‘प्रॉमॉस अँड कसांड्रा’ (१५७८) या नाटकात आहेत. शीर्षक मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखविते. ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हांस मोजले जाईल, हा तेथील बोध न्याय करणाऱ्यास दिलेला इशारा आहे. तो सूडाचा परवाना नव्हे, हे ध्यानात घेतल्यावाचून नाटकाचा शेवट उलगडत नाही.

व्हिएन्नाच्या ड्यूकने चौदा वर्षे कायद्याची अंमलबजावणी ढिली ठेवली. (क्लॉडिओच्या तोंडी हाच आकडा एकोणीस आहे, संहितेतील ही विसंगती प्रसिद्ध आहे.) परिणामी नगरीत अनाचार माजला. याचा अर्थ असा की, या नाटकाचा आरंभच भ्रष्ट झालेल्या दयेपासून होतो. ड्यूकने क्षमा केली नव्हती, केवळ दुर्लक्ष केले होते; आणि अन्सेल्म यांनी ज्या उपेक्षेचा निषेध केला ती हीच. सौम्य स्वभावाचा एस्कलसदेखील वारंवार दिलेली माफी पुढील अनर्थाला पोसते असे म्हणतो.

यामुळे दुसऱ्या अंकातील इझाबेला व अँजेलो यांचा वाद एकतर्फी राहत नाही. इझाबेला आपला भाऊ क्लॉडिओ याच्या प्राणांची याचना करताना ख्रिस्ती करुणेचा आधार घेते : सर्वच जीव एकदा दंडास पात्र ठरले होते, आणि ज्याला तो दंड वसूल करता आला असता त्यानेच सुटकेचा उपाय शोधला. अँजेलोचे उत्तर सहसा त्याच्या पुढील नीच वर्तनाच्या छायेत वाचले जाते, म्हणून त्याचे बळ दुर्लक्षित राहते. आपण न्याय करतो तेव्हाच सर्वांत अधिक दया करतो, असे तो म्हणतो. कारण आज सोडून दिलेला अपराध उद्या ज्यांना पीडा देईल, त्या अनोळखी माणसांवरची ती दया असते. हा युक्तिवाद पोकळ नाही. समोर गुडघे टेकलेला अपराधी दिसतो. भावी पीडित दिसत नाही. न्यायसंस्था ज्यांच्यासाठी असते ते बहुधा न दिसणारेच असतात. इझाबेलाजवळ या मुद्द्याला शाब्दिक उत्तर नाही.

शिवाय त्या वेळेपर्यंत इझाबेलाची दया केवळ बुद्धीची आहे. पहिल्या नकारानंतर ती परत फिरू लागते. ल्युसिओने टोचल्यावरच पुन्हा बोलते. अँजेलोने शीलाच्या मोबदल्यात भावाचे प्राण देऊ केल्यावर, निर्मळ क्षमा आणि कलंकित सौदा यांचे नाते नाही, हा विवेक ती अचूक करते. परंतु भीतीने खचलेला क्लॉडिओ जगण्याची भीक मागू लागताच, तुझ्यावर दया करणे म्हणजे दयेलाच कुट्टिणी बनविणे आहे, अशा आशयाचे कठोर शब्द तिच्या तोंडून निघतात. परक्या न्यायाधीशाला दयेचा उपदेश करणारी ही तरुणी स्वतःच्या भावाच्या दुर्बलतेला क्षमा करू शकत नाही. तिला आपल्या उपदेशाची किंमत अद्याप द्यावयाची आहे.

ती किंमत पाचव्या अंकात द्यावी लागते. अँजेलोने वचन मोडून क्लॉडिओला ठार मारविले अशी तिची समजूत आहे. ड्यूक तिच्यासमोर क्लॉडिओबद्दल अँजेलो, मृत्यूबद्दल मृत्यू, असा निवाडा देतो. म्हणजे शुभवर्तमानातील मापाचा अर्थ मुद्दाम उलटा फिरवून तिच्या हाती सूड ठेवतो. अँजेलोशी नुकताच विवाह झालेली मारिआना तिला आपल्याशेजारी केवळ गुडघे टेकण्याची विनंती करते. असे केल्यास भावाचे भूत थडगे फोडून उठेल, असे ड्यूक बजावतो. १९५० च्या स्ट्रॅटफर्ड येथील प्रयोगात दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी येथे इझाबेलाची भूमिका करणाऱ्या बार्बरा जेफर्ड यांना दीर्घ विराम घेण्यास सांगितले होते. रंगभूमीच्या भाषेत केलेले ते अचूक भाष्य होय, कारण नाटकाचा सारा भार त्या विरामावर आहे.

आणि गुडघे टेकल्यावर ती काय बोलते? पोर्शियाप्रमाणे ती दयेचे स्तवन करीत नाही. सर्व जीवांच्या दंडपात्रतेचा आपला जुना युक्तिवादही ती काढीत नाही. ती पुरावा मांडते. माझ्या भावाला न्यायच मिळाला, कारण ज्या कृत्यासाठी तो मेला ते त्याने केले होते. अँजेलोचा दुष्ट हेतू कृतीपर्यंत पोहोचला नाही, आणि हेतू म्हणजे केवळ विचार. शिवाय मला पाहीपर्यंत त्याचे वर्तन प्रामाणिक होते, असे तिचे म्हणणे आहे. शत्रूच्या बाजूने जे काही सत्य सांगता येईल ते शोधून काढणे, हेच तिच्या क्षमेचे स्वरूप आहे. दया न्यायाचा लोप करीत नाही, ती त्याची परिपूर्ती आहे, हे अक्वायनस यांचे मत येथे नाट्यरूपाने साकार झाले आहे.

५

या शेवटावरील आक्षेप जुने आणि वजनदार आहेत. डॉ. जॉन्सन यांनी १७६५ च्या आवृत्तीत, अँजेलोचे अपराध शिक्षेला पुरेपूर पात्र असताना तो सुटतो याचा वाचकास संताप येतो, असे मत नोंदविले. कोलरिज यांनाही त्याच्या सुटकेने न्यायबुद्धीची वंचना झाल्यासारखे वाटले. इझाबेलाचा युक्तिवाद कायद्याच्या काट्यावर पुरा उतरत नाही, हेही खरे. सत्तेच्या जोरावर केलेली शीलाची मागणी हा केवळ विचार नव्हता. उलटपक्षी जी. विल्सन नाइट यांनी १९३० मध्ये शुभवर्तमानांच्या प्रकाशात नाटकाचा अर्थ लावून ड्यूकच्या ठिकाणी ख्रिस्तसदृश स्वरूप पाहिले.

दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे : त्यांची दृष्टी प्रामुख्याने माफी देणाऱ्या सत्तेवर खिळते. परंतु ड्यूक हा या प्रकरणात मुख्यतः पीडित नव्हे. तो इझाबेलाला खोट्या शोकात ठेवतो. तो बार्नार्डाइनसारख्या खुन्याला माफ करतो, पण स्वतःची निंदा करणाऱ्या ल्युसिओवर दात धरतो. जेथे घाव त्याला स्वतःला लागला, नेमक्या तेथेच त्याला क्षमा जड जाते. त्याला ईश्वराचे प्रतीक मानण्यात ही अडचण आहे. त्याची ती कृपा, इझाबेलाची ती क्षमा. आणि क्रमाने क्षमा आधी येते. क्लॉडिओ जिवंत असल्याचे उघड होते ते त्यानंतर.

अँजेलोच्या त्या अनोळखी पीडितांचे काय, हा प्रश्न तरीही उरतो. नाटक त्याचे एकच, अंशात्मक उत्तर देते. येथे क्षमा होण्यापूर्वी अपराध सर्वांसमक्ष सिद्ध झाला आहे, अपराध्याने तो कबूल केला आहे, आणि दयेपेक्षा मरणच त्याने मागितले आहे. चौदा वर्षांच्या ढिलाईत आणि या क्षमेत हे अंतर आहे. शायलॉकच्या न्यायसभेत त्याची तक्रार कधी ऐकली गेली नाही, म्हणून तेथील दया पोकळ राहिली. व्हिएन्नाच्या वेशीवर सर्व तक्रारी ऐकल्या गेल्या, म्हणून तेथे क्षमेला अर्थ आला. न्याय आणि दया यांचा समतोल म्हणजे दोहोंचे थोडे थोडे मिश्रण, ही समजूत या दोन नाटकांच्या तौलनिक वाचनाने टिकत नाही. अन्यायाचे संपूर्ण माप आधी पदरात पडावे लागते. मग ते सोडून देण्याचा अधिकार ज्याच्या पदरात ते पडले त्याचाच. ड्यूकने विवाहाचा प्रस्ताव मांडल्यावर इझाबेला काहीच उत्तर देत नाही. संहितेत तिचे शेवटचे शब्द अँजेलोच्या बाजूने बोललेलेच आहेत.